पर्वाना, जिजी आणि एक पत्र

बरेच दिवस इथे काही लिहिलं नाही. दोन-तीन जणांनी फोन करून विचारलं, "बाई, तब्येत बरी आहे ना?" तब्येत ठणठणीत आहे. उजव्या डोळ्याच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि महिनाभर संगणकासमोर बसायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलं होतं. आता परवानगी मिळाली आहे. पण आज जे लिहिणार आहे ते डोळ्यामुळे राहिलेलं नाही. ते साठाहून अधिक वर्षं राहिलं आहे. माहेरच्या मंडळींना जिजी आठवत असेल. तिच्या पत्राची गोष्ट मात्र त्यांच्यापैकी कुणालाच माहीत नाही.

तर झालं असं की सुट्टीत धाकटी नात आली होती. सहावीत आहे. वय अकरा. डोळ्यात थेंब घालण्याची जबाबदारी तिने स्वतःहून घेतली होती आणि ती अगदी घड्याळ लावून पाळली. मला वाचायला बंदी, त्यामुळे मी कंटाळलेली. एक दिवस म्हणाली, "आजी, आता थोडा वेळ बघायची परवानगी आहे ना? मग आपण एक ॲनिमेशन फिल्म बघू." मी 'कार्टून म्हणजे लहान मुलांचं' अशा समजुतीतली बाई. म्हटलं, "तू बघ, मी नुसती बसते." पण दहा मिनिटांनी मी चष्मा सावरून पुढे सरकून बसले होते. इंग्रजी बोलणं मला अर्धंमुर्धंच कळतं. तिने खाली अक्षरं लावून दिली, आणि अडलं तिथे थांबवून मराठीत सांगितलं.

सिनेमाचं नाव 'द ब्रेडविनर'. म्हणजे घरात कमावून आणणारा, घराचा पोशिंदा. २०१७ सालचा आहे. आयर्लंडमधल्या किल्केनी गावात 'कार्टून सलून' नावाचा स्टुडिओ आहे, त्यांनी तो कॅनडा आणि लक्झेंबर्गच्या कंपन्यांबरोबर मिळून केला. दिग्दर्शिका नोरा टूमी. मूळ कादंबरी डेबोरा एलिस या कॅनेडियन लेखिकेची, २००० साली आलेली. ही बाई नव्वदच्या दशकात पाकिस्तानातल्या अफगाण निर्वासितांच्या छावण्यांमध्ये गेली होती, तिथल्या बायकामुलींशी बोलली होती. त्यातून हे पुस्तक झालं. सिनेमाला ऑस्करचं नामांकनही मिळालं होतं. ही सगळी माहिती मागाहून नातीने शोधून दिली. मला सिनेमा बघताना यातलं काहीच ठाऊक नव्हतं, आणि त्यावाचून काही अडलंही नाही.

(ज्यांना सिनेमा स्वतः बघायचा आहे त्यांनी पुढचे काही परिच्छेद गाळले तरी चालतील. पण मग माझं पुढचं लिहिणं नीटसं कळायचं नाही.)

काबूल शहर, साल २००१. तालिबानची राजवट. पर्वाना ही अकरा वर्षांची मुलगी आपल्या वडिलांबरोबर बाजारात एक चादर अंथरून बसते. वडील पूर्वी शिक्षक होते. युद्धात त्यांचा एक पाय गेला. आता घरातल्या वस्तू विकायच्या आणि ज्यांना लिहिता-वाचता येत नाही त्यांची पत्रं लिहून, वाचून द्यायची, यावर घर चालतं. ग्राहक नसेल तेव्हा ते मुलीला आपल्या देशाचा इतिहास सांगतात. कोण कोण राजे आले, कोणी काय लुटलं, कोणी काय मागे ठेवलं. मुलगी कंटाळते, पण ऐकते. मास्तराच्या घरात जन्मलेल्या प्रत्येक मुलीला हे ओळखीचं वाटेल. मला तर वाटलंच.

एक दिवस एक तालिबानी पोरगा येऊन त्यांच्याशी भांडण काढतो. हा पोरगा पूर्वी त्यांचाच विद्यार्थी होता. त्याच दिवशी संध्याकाळी वडिलांना पकडून नेतात. घरात आई, मोठी बहीण, तान्हा भाऊ आणि पर्वाना. पुरुषमाणूस नाही. बाईने एकटीने बाहेर पडायचं नाही, दुकानदाराने तिला माल विकायचा नाही. नवऱ्याची चौकशी करायला तुरुंगाकडे निघालेल्या आईला वाटेत मारहाण होते. घरात पाणी नाही, पीठ नाही. मग पर्वाना केस कापते, मेलेल्या थोरल्या भावाचे कपडे घालते आणि मुलगा होऊन बाजारात जाते. पहिल्या दिवशी ती दुकानात उभी राहते आणि दुकानदार तिला सरळ माल देतो. तेव्हाचा तिचा चेहरा बघण्यासारखा आहे. कापड तेच, हात तेच, पैसे तेच. फक्त केस कापले!

तिला शौझिया भेटते. तीही तिच्यासारखीच, मुलगा बनून हिंडणारी. दोघी मिळून हमाली करतात, विटा वाहतात. शौझियाला एकच ध्यास, समुद्र बघायचा.

या सगळ्याबरोबर दुसरी एक गोष्ट चालू असते. पर्वाना ती सांगत असते, कधी तान्ह्या भावाला रडू नये म्हणून, कधी शौझियाला, कधी अंधारात भीती वाटते म्हणून स्वतःलाच. एका गावाचं बियाणं चोरीला जातं. हत्तींच्या राजाने ते डोंगरावर नेलेलं असतं. एक मुलगा ते परत आणायला निघतो. काबूलचा भाग मातकट, धुळकट रंगात काढला आहे. ही गोष्ट सुरू झाली की मात्र पडदा एकदम रंगीत होतो, कागदाची चित्रं कापून हलवावीत तशी चित्रं. आमच्या शाळेत आम्ही घोटीव कागदाची कात्रणं चिकटवून तक्ते करायचो, त्याची आठवण झाली.

आता मुख्य गोष्ट. थोरला भाऊ सुलेमान कसा मेला हे घरात कोणी बोलत नाही. पर्वानाच्या गोष्टीतल्या मुलाला हळूहळू सुलेमानचं नाव मिळतं. सिनेमाच्या शेवटी बाहेर खरं युद्ध सुरू झालेलं असतं, डोक्यावरून विमानं जात असतात, ती तुरुंगाच्या बाहेर बापासाठी थांबलेली असते. आणि तिकडे गोष्टीत तो मुलगा चवताळलेल्या हत्तीच्या समोर उभा असतो. त्याच्याजवळ हत्यार काही नसतं. तो हत्तीला आपलं खरं मरण सांगतो. माझी आई लेखिका, माझे बाबा शिक्षक, मला रस्त्यात एक खेळणं सापडलं, मी ते उचललं आणि ते फुटलं. एवढंच. पुन्हा पुन्हा तेच सांगतो. आणि हत्ती शांत होतो.

नात मला बिलगली होती. मी मात्र त्या आधीच्याच एका प्रसंगापाशी अडकून राहिले होते.

बाजारात रझाक नावाचा एक धिप्पाड तालिबानी पर्वानाकडे पत्र घेऊन येतो. त्याला वाचता येत नाही. त्याला वाटतं, असेल काही घरचं. पर्वाना वाचायला लागते. पत्रात त्याची बायको मेल्याची बातमी असते. सुरुंगाचा स्फोट. ती वाचत जाते. थांबत नाही, बदलत नाही. जे लिहिलं आहे ते वाचते. तो माणूस तिथेच बसल्या जागी खचतो. नंतर तो परत येतो, तिच्याकडून आपल्या बायकोचं नाव वाचायला शिकतो. शेवटी तोच तिच्या बापाला तुरुंगातून बाहेर काढायला मदत करतो.

सिनेमा संपल्यावर नातीने विचारलं, "आजी, तुझे बाबा पण मास्तर होते ना? तू पण कोणाची पत्रं वाचायचीस का?"

मी म्हटलं, "हो तर! शेजारी जिजी होती. तिच्या मुलाची पत्रं मीच वाचायचे. मला गूळ-शेंगदाणे द्यायची."

"किती क्यूट!" ती म्हणाली, आणि पाणी आणायला उठून गेली.

म्हणजे पुन्हा मी अर्धंच वाचलं. म्हणून आज हे लिहायला बसले आहे.

आमचं गाव सातारा जिल्ह्यातलं. त्या भागात घरटी एक माणूस फौजेत असं म्हणायची पद्धत होती. अण्णा प्राथमिक शाळेत मास्तर. शेजारी जिजी राहायची. ती आमची नात्याची कोणी नव्हती, पण भिंतीला भिंत होती. नवरा लवकर गेलेला, एकुलता एक मुलगा फौजेत. आम्ही मुलं त्याला फौजीदादा म्हणायचो. सुट्टीवर आला की आम्हाला लिमलेटच्या गोळ्या मिळायच्या आणि तो जिजीच्या घरावर चढून कौलं चाळायचा. जिजीला अक्षरओळख नव्हती. पूर्वी अण्णा तिची पत्रं वाचायचे, पण मी चौथी पास झाल्यावर ते काम माझ्याकडे आलं. मला फार मोठं झाल्यासारखं वाटायचं. जिजी उंबऱ्यावर बसायची, मी पायरीवर. ती विचारायची, "काय लिवलंय गं माझ्या लेकानं?" मी खाकरून वाचायला लागायची. पत्र एक पानाचं, पण जिजी ते तीनदा वाचायला लावायची.

१९६२ च्या ऑक्टोबरात चीनशी युद्ध सुरू झालं. तेव्हा मी अकरा वर्षांची होते. पर्वानाएवढीच. 'नेफा' हा शब्द मी पहिल्यांदा तेव्हा ऐकला. शाळेत संरक्षण निधीला आणे-दोन आणे जमा व्हायला लागले. मोठ्या मुली जवानांसाठी लोकरीचं विणायला बसल्या. नोव्हेंबरात आपले यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्रीपद सोडून देशाचे संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले, तेव्हा तर आमच्या जिल्ह्याची छाती फुगली होती. सह्याद्री हिमालयाच्या मदतीला गेला असं सगळे म्हणायचे. फौजीदादा नेफात होता. जिजी देवाला दिवा लावायची आणि रोज पोस्टमनची वाट बघायची. २१ नोव्हेंबरला युद्ध थांबलं. पत्र काही आलं नाही.

ते आलं डिसेंबरात. दुपारची वेळ. अण्णा शाळेत, आई नदीवर. जिजी पत्र घेऊन धावतच आली. अक्षर फौजीदादाचं नव्हतं. पलीकडच्या गावचा एकजण त्याच्याच तुकडीत होता, त्याने लिहिलं होतं. मला सवय होती, आधी मनातल्या मनात दोन ओळी वाचायच्या आणि मग मोठ्याने. मी दोन ओळी वाचल्या. मग आणखी चार वाचल्या. जिजी म्हणाली, "वाच की."

मी वर पाहिलं. तिने डोक्यावरचा पदर नीट केला होता आणि हात मांडीवर ठेवले होते. जेवायला पान वाढल्यावर माणूस बसतं तशी बसली होती.

आणि मी वाचलं, "आई, मी बरा आहे. पायाला थंडीने इजा झाल्यामुळे इस्पितळात आहे. हाताला पट्टी आहे म्हणून मित्राकडून लिहवून घेत आहे. काळजी करू नकोस. इथे दूध मिळते."

'दूध मिळते' हे मला कुठून सुचलं देव जाणे! आमच्या घरी आजारी माणसाला दूध मिळायचं, म्हणून असेल.

जिजीने माझ्या गालावरून हात फिरवून बोटं कडाकडा मोडली. आत जाऊन गूळ आणि शेंगदाणे आणले. मी ते खाल्ले. अजूनही मला हे सांगायला जड जातं, पण खाल्ले.

मला वाटलं होतं संध्याकाळी अण्णांना सांगू. पण संध्याकाळपर्यंत जिजीने गल्लीभर सांगितलं होतं, लेक इस्पितळात हाय, दूध मिळतंय. अण्णाच मला म्हणाले, "बरं झालं हो, चांगली बातमी आली." मग सांगायचं कसं? सुरुवातीला वाटलं उद्या सांगू. मग वाटलं, आता सांगितलं तर मार मिळेल. मग मार बाजूला राहिला आणि नुसती भीती उरली.

जिजी दर आठ-पंधरा दिवसांनी ते पत्र घेऊन यायची. "जरा पुन्यांदा वाच गं." पत्र तेच. मला माझी गोष्ट शब्दन् शब्द पाठ ठेवावी लागायची. कधी एखादं वाक्य कमी-जास्त झालं तर जिजी म्हणायची, "मागं तू पट्टीचं वाचलं व्हतंस की." मग मी पट्टीचं वाचायची. हळूहळू मी त्यात भर घातली. इस्पितळाच्या खिडकीतून डोंगर दिसतो. शेजारच्या खाटेवर एक कोल्हापूरचा आहे. डोळे पत्रावरच्या खऱ्या ओळींवर आणि तोंडाने भलतंच. मराठीच्या वर्गात मी आयुष्यभर मुलांना प्रकट वाचन शिकवलं. माझ्याइतकी त्याची तालीम कोणाची झाली नसेल.

१९६३ साली चीनने आपले युद्धकैदी परत पाठवले. कोणाकोणाचे मुलगे परत आल्याच्या बातम्या यायला लागल्या. त्या उन्हाळ्यात जिजीला फौजेकडून कागद आला. तो माझ्याकडे आला नाही. सरकारी कागद म्हणून तो थेट अण्णांकडे आला आणि तो त्यांनी वाचून दाखवला. बेपत्ता धरलेल्या, कैद्यांत न सापडलेल्या जवानांना मृत समजण्यात येत आहे, असा काहीसा मजकूर होता. बायका रडायला लागल्या. जिजी रडली नाही. तिने बायकांच्या गर्दीतून माझ्याकडे पाहिलं. एकदाच.

चार दिवसांनी ती ते पत्र घेऊन आली. पायरीवर बसली. म्हणाली, "वाच बरं."

वाचकहो, ती माझी संधी होती. आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. मुलगा गेल्याचं तिला कळलेलंच होतं. मी फक्त खरं वाचायचं होतं. आणि मी पुन्हा तेच वाचलं. इस्पितळ, पट्टी, दूध. का, ते मला आजही सांगता येत नाही. तोंडाला तेच वळण पडलं होतं.

जिजीने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. पत्राची घडी घातली, कनवटीला खोचली. "ग्वाड वाचतीस गं पोरी," म्हणाली आणि उठून गेली. त्यानंतर तिने माझ्याकडून कधी काही वाचून घेतलं नाही. पेन्शनचे कागद आले तरी ती बाजारच्या गावाला दोन कोस चालत पोस्टात जायची. तिथे तिने ते पत्र कोणाकडून वाचून घेतलं का, कधी घेतलं, तिला आधीपासूनच ठाऊक होतं का, मला माहीत नाही.

त्या पावसाळ्यात जिजीच्या घराच्या मागच्या खोलीची भिंत बसली. कौलं कित्येक दिवस चाळलेली नव्हती, पाणी भिंतीत मुरत होतं. रात्री पडली. जिजी पुढच्या खोलीत होती म्हणून वाचली, शेळी दबून मेली. सकाळी सगळी गल्ली जमली होती. अण्णांनी वासे दिले, दोघा-तिघांनी मिळून भिंत उभी केली. सगळे म्हणत होते, आता हिच्या घराकडे बघणारं कोण आहे? मी दारात उभी होते आणि माझे हातपाय गार पडले होते. कारण पत्रात काय लिहिलं आहे ते गावात मला एकटीलाच माहीत होतं.

पर्वानाच्या सिनेमाने मला हे दाखवलं. लहानपणापासून मला वाटत आलं की माझा गुन्हा खोटं बोलण्याचा. एका म्हातारीला सहा महिने आशेवर ठेवण्याचा. पण लहान मुलीने दयेने सांगितलेलं खोटं, त्याला देवही माफ करेल, अशी मी स्वतःची समजूत घालत आले. गोष्ट सांगून तिला धीरच दिला ना? पर्वानाही तान्ह्या भावाला गोष्ट सांगूनच निजवते.

पण पर्वानाच्या गोष्टीत आणि माझ्या गोष्टीत फरक आहे. तिची गोष्ट हत्ती, डोंगर, बियाणं असं सगळं फिरून शेवटी भावाच्या खऱ्या मरणापाशी येते. येतेच. माझी गोष्ट त्या मरणापासून दूर दूर पळत राहिली. शिवाय पत्र जिजीचं होतं. त्यातलं दुःखही तिचं होतं आणि त्यात तिच्यासाठी ठेवलेला निरोपही तिचाच होता. दोन्ही मी माझ्याकडे ठेवून घेतलं. रझाक खचला, पण बायको कशी गेली ते त्याला कळलं. तिचं नाव वाचायला शिकायची बुद्धी त्याला त्यातूनच झाली. मी जिजीला खचूही दिलं नाही.

१९७१ च्या डिसेंबरात मी कोल्हापूरहून घरी आले होते. बी.ए.चं वर्ष होतं. पुन्हा युद्ध सुरू होतं, रेडिओ लावून सगळे बसलेले. मी मनाशी ठरवून जिजीकडे गेले. ती बरीच थकली होती. मी पायरीवर बसले. काही बोलण्याआधीच तिने विचारलं, "मास्तरीण हुणार म्हनं तू?" मी म्हटलं, "हो जिजी." ती म्हणाली, "पोरास्नी वाचायला शिकीव. समदं वाचायला शिकीव. समदं."

'समदं' दोनदा म्हणाली. त्यात काही होतं की म्हातारपणाचं नुसतं बोलणं होतं, मी अजून ठरवू शकलेले नाही. मी मान डोलावली आणि उठून आले. पाच-सहा वर्षांत जिजी गेली. तिच्या पत्र्याच्या ट्रंकेचं काय झालं, कोणाला माहीत नाही. मी तेव्हा नोकरीच्या गावी होते.

नोकरीत मी पस्तीसएक वर्षं शिकवलं. नव्वदच्या दशकात साक्षरता अभियानात संध्याकाळी बायकांचा वर्गही घ्यायची. पहिल्याच दिवशी मी प्रत्येकीला विचारायची, तुम्हाला सगळ्यात आधी काय वाचायचं आहे? बहुतेकींना स्वतःचं नाव. एकीने घरून कागद आणला होता, जमिनीचा. म्हणाली, मला हा वाचायचा आहे, घरातले सांगतात तसाच आहे का ते बघायचंय. मला त्या बाईला मिठी मारावीशी वाटली होती. का, ते तिला कळलं नसतं.

सिनेमातल्या एका गोष्टीने मास्तरीण म्हणून फार टोचलं, तेही सांगते. पर्वानाच्या बापाला पकडून देणारा पोरगा त्यांचाच विद्यार्थी. त्याला त्यांनीच अक्षरं शिकवली असणार. आपण शिकवलेली अक्षरं पुढे कोण कशासाठी वापरील, हे शिक्षकाच्या हातात नसतं. हे मला माझ्यावरूनच समजायला हवं होतं. अण्णांनी मला वाचायला शिकवलं, आणि मी त्या वाचण्याचं काय केलं?

त्यानंतर नातीने आणि मी मिळून आणखी थोडी माहिती काढली. मूळ कादंबरीत पर्वाना आणि शौझिया एकमेकींना वचन देतात, बरोबर वीस वर्षांनी पॅरिसला आयफेल टॉवरवर भेटायचं. पुस्तक २००० सालचं. वीस वर्षं मोजली की आपण कुठे येतो बघा. १५ ऑगस्ट २०२१ ला तालिबान पुन्हा काबूलमध्ये आले. त्या सप्टेंबरात मोठ्या मुलांच्या शाळा उघडल्या, सहावीच्या पुढच्या मुलींच्या उघडल्या नाहीत. २३ मार्च २०२२ ला मुली दप्तर घेऊन शाळेत गेल्या आणि त्याच दिवशी त्यांना परत पाठवलं. डिसेंबर २०२२ मध्ये विद्यापीठंही बंद झाली. ऑगस्ट २०२४ मध्ये जो कायदा आला त्यात बायकांच्या आवाजावरसुद्धा बंधन आहे. घराबाहेर मोठ्याने गायचं नाही, मोठ्याने वाचायचं नाही.

मोठ्याने वाचायचं नाही! मी ते वाक्य नातीकडून दोनदा वाचून घेतलं.

नात सहावीत आहे. मी मोजलं, ती तिथे असती तर हे तिचं शेवटचं वर्ष. तिच्या लक्षात आलं होतं की नाही कोण जाणे. ती एवढंच म्हणाली, "आजी, मग त्या मुली घरी काय करत असतील?" मला उत्तर देता आलं नाही. गोष्टी सांगत असतील, असं म्हणणार होते. पण तेही पुन्हा इस्पितळातलं दूधच झालं असतं. म्हणून म्हटलं, "मला माहीत नाही बाळा."

रात्री ती झोपल्यावर जिजीचं पत्र आठवायला बसले. आठवायची गरजच नव्हती. खोटं पत्र पाठ ठेवताना खरंही डोळ्यांपुढे असायचंच, ते आपोआप पाठ झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी नातीला शेजारी बसवलं आणि तिला सगळं सांगितलं, गूळ-शेंगदाण्यांसकट. तिने मध्ये एकदाही 'क्यूट' म्हटलं नाही. शेवटी म्हणाली, "मग आता वाच ना."

जिजीच्या दिराची नातवंडं पुण्यात आहेत, त्यांच्यापैकी एकजण कधीमधी इथे डोकावतो हे मला माहीत आहे. त्याच्यासाठी, आणि जिजीसाठी, जसं आठवतं तसं इथे वाचते आहे. भाषा त्या जवानाची आहे, मी काही सुधारलेलं नाही.

"मावशीस साष्टांग दंडवत. पत्र लिहिण्यास कारण की आपला मुलगा आपल्यात राहिला नाही. आम्ही मागे हटत असताना रस्ता चुकून जंगलात तीन दिवस चाललो. अन्न नव्हते. अंगावर सुती कपडे होते, पायात कापडी बूट. त्याला ताप होता. चौथ्या दिवशी सकाळी उठवायला गेलो तर तो उठला नाही. झोपेत गेला. त्रास झाला नाही. आम्ही दोघांनी दगड रचून त्याला ठेवले व वर त्याची टोपी ठेवली. मी स्वतः डोळ्यांनी पाहिले म्हणून लिहितो, कोणी दुसरे काही सांगितले तर विश्वास ठेवू नये. आदल्या रात्री तो घरचेच बोलत होता. म्हणाला, आईला सांग, मागच्या खोलीची कौलं पावसाळ्याआधी चाळून घे, कोपऱ्यात गळते. मला या खेपेला जमले नाही. आणि सांग की भिऊ नको. मावशी, मी सुट्टीवर आलो की कौलं चाळून देईन. आपला आज्ञाधारक."

एवढंच होतं, जिजी.